गळ्यातला पट्टा आणि रानातला कान

चांदूर बाजारपासून वेगळे ओळखता यावे म्हणून आमच्या चांदूरला ‘रेल्वे’ चिकटली. शेजारच्या धामणगावाचेही तेच. १८६७ मध्ये नागपूरला पोचलेल्या लोहमार्गाने या गावांना नाव दिले, बाजार दिला, बाहेरचे जग दिले. बडनेऱ्याहून निघालेली गाडी टिमटाळा, मालखेड मागे टाकीत चांदूरला येते, तेव्हा खिडकीतून पोहरा-मालखेडच्या राखीव जंगलाच्या टेकड्या दिसतात. हे जंगल वडाळीपाशी अमरावती शहराला जाऊन भिडते. विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसला, ही बातमी आता कुणाला नवी वाटत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मात्र साऱ्या मुलखाची झोप उडाली. चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ वर्धा जिल्हा ओलांडून धामणगाव रेल्वे परिसरात आला आणि काही दिवसांच्या अंतराने त्याने दोन माणसांचा बळी घेतला. सोयाबीन काढणीला आलेले, कापूस फुटायला लागलेला. जागलीला जायचे कसे, हा प्रश्न घरोघरी होता. वाघ उत्तरेकडे सरकत मध्य प्रदेशात गेला आणि डिसेंबरात बैतूल जिल्ह्यातल्या सारणी येथे पकडला गेला. तोवर त्याचा माग म्हणजे चिखलातले पगमार्क, ट्रॅप कॅमेऱ्याची छायाचित्रे आणि लोकांच्या तोंडच्या बातम्या. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती.

‘कॉलर असती तर?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना रेडिओने प्राण्यांचा माग काढण्याच्या विद्येचा इतिहास पाहावा लागतो. त्यातून एक गोष्ट लक्षात येते: कॉलर हा या विद्येचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिचा आवाज ऐकणारा कान.

१९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात फिरू लागला आणि त्याची ‘बीप बीप’ जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी घरबसल्या ऐकली. ट्रान्झिस्टरमुळे प्रक्षेपक लहान झाला होता. जे उपग्रहाच्या बाबतीत जमले, ते सशाच्या बाबतीत का जमू नये? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात विल्यम कोचरन आणि रेक्सफोर्ड लॉर्ड यांनी वन्यप्राण्यांसाठी रेडिओ-मागोव्याची पद्धत बसवली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. हातात अँटेना धरून माणसाने रानोमाळ हिंडायचे, आवाज जिकडून मोठा येईल ती दिशा टिपायची, दुसऱ्या जागेवरून पुन्हा टिपायची. दोन रेषा छेदतील तिथे प्राणी.

पण माणूस थकतो, झोपतो. आणि प्राणी हिंडतात रात्री. म्हणून मिनेसोटातल्या सीडर क्रीक येथे १९६० च्या दशकातच फिरत्या अँटेनांचे दोन मनोरे उभे राहिले. अनेक प्राण्यांचे संदेश ते रात्रंदिवस आपोआप घेत आणि नोंद फिल्मवर उमटे. माणसाविना चालणारे ऐकण्याचे ठाणे ते हेच. विद्यापीठाच्या खजिन्याविना मात्र ते परवडणारे नव्हते.

आपल्या उपखंडात १९७३ च्या अखेरीस नेपाळमधल्या चितवन येथे वाघाला पहिल्यांदा रेडिओ कॉलर लागली. महाराष्ट्रात या तंत्राचे नाव घरोघरी नेले ते एका बिबट्याने. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ कॉलर लावून माळशेज परिसरात सोडला गेला आणि सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. पुढे विदर्भात भारतीय वन्यजीव संस्थेने अनेक वाघांना कॉलर लावल्या. टिपेश्वरच्या एका वाघाने २०१९ मध्ये घर सोडले आणि शेतशिवारांतून, नदीनाल्यांतून ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. एकूण सुमारे ३,००० किलोमीटरची ही पायपीट नकाशावर उमटली ती गळ्यातल्या पट्ट्यामुळेच.

ही यशाची बाजू झाली. दुसरी बाजूही पाहू. उमरेड-कऱ्हांडल्याचा ‘जय’ कॉलर लावलेला होता. एप्रिल २०१६ मध्ये संदेश थांबले आणि एवढा नावाजलेला वाघ कायमचा हरवला. ब्रह्मपुरीची एक वाघीण २०१७ च्या जुलैत कॉलरसह बोर प्रकल्पात सोडली गेली. अडीच महिन्यांत ती सुमारे ५०० किलोमीटर हिंडली. ती कुठे आहे हे कळत होते, तरीही माणसे मेली. आणि अखेर वर्धा जिल्ह्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून तीही गेली. रोही आणि रानडुकरांपासून वावर राखायला लावलेली ती तार. कॉलर नसलेला वाघ, कॉलर मुकी झालेला वाघ आणि कॉलर बोलत असूनही न वाचलेली वाघीण: विदर्भाच्या तीन वर्षांतल्या या तीन कथा आहेत.

उपग्रहाशी बोलणारी कॉलर काही लाखांत जाते आणि तिची माहिती आधी दूरच्या संगणकावर उतरते. पण बहुतेक कॉलरींमध्ये साधा व्हीएचएफ ठोकाही असतो. तो ऐकण्याचे साधन गेल्या काही वर्षांत कमालीचे स्वस्त झाले आहे, आणि तेही दूरदर्शनमुळे. संगणकाला लावून टीव्ही पाहण्याचा बोटाएवढा डोंगल वाटेल त्या लहरी ऐकू शकतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले. जोडीला तळहाताएवढा संगणक, एक सौर पाटी, एक बॅटरी आणि यागी अँटेना. यागी म्हणजे आपल्या माडीवर पूर्वी असायची तीच दांड्यांची अँटेना. १९२६ मध्ये जपानच्या उदा आणि यागी यांनी ती जगापुढे मांडली. कॉलरसाठी वापरतात त्या १५० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर दोन मीटरची, म्हणून दांडी साधारण मीटरभर. काही हजार रुपयांत सीडर क्रीकच्या मनोऱ्याचे धाकटे भावंड उभे राहते. कॅनडातून सुरू झालेल्या ‘मोटस’ या जाळ्यात अशी शेकडो ठाणी आहेत. ग्रॅमभराहून हलका टॅग लावलेला पक्षी जवळून गेला की ठाणे वेळ आणि आवाजाची ताकद लिहून ठेवते.

ठाण्याला पैशापेक्षा उंची जास्त लागते. दहा मीटरवरच्या अँटेनेचे रेडिओ-क्षितिज सुमारे १३ किलोमीटर. अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट हवी. प्रत्यक्षात झाडोरा आणि चढउतार त्यातला मोठा वाटा खातात. सावंगा विठोबाचे झेंडे दुरून का दिसतात, हे जाणणाऱ्या चांदूरकरांना हे गणित समजवावे लागणार नाही. पोहऱ्याच्या टेकड्यांवर अशी दोन-चार ठाणी बसली, तर बोरकडून येणारा कॉलरवाला वाघ कोणत्या रात्री कोणत्या बाजूने गेला एवढे तरी कळेल. नेमकी जागा कळणार नाही, आणि बिनकॉलरच्या वाघापुढे ठाणे बहिरेच राहील.

शिवाय ऐकायचे कुणी, हाही प्रश्न आहे. २०१३ मध्ये पन्नाच्या कॉलर लावलेल्या वाघाची माहिती ज्या ई-मेल खात्यात येई, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला होता. जो कान वनरक्षकाचा, तोच शिकाऱ्याचाही होऊ शकतो. म्हणून कॉलरची फ्रिक्वेन्सी गुप्त राहणे आणि ठाणे वनखात्याच्या परवानगीने, त्याच्याच देखरेखीखाली चालणे आवश्यक आहे.

ब्रह्मपुरीच्या वाघिणीची कथा म्हणून सर्वांत बोलकी. तिथे यंत्र कमी पडले नव्हते. ठाण्याने टिपलेला ठोका वनरक्षकापर्यंत, वनरक्षकाकडून पोलीस पाटलापर्यंत आणि तिथून जागलीला निघालेल्या माणसापर्यंत दिवस मावळायच्या आत पोचला पाहिजे; ती खबर मिळाल्यावर तारेतला करंट बंद झाला पाहिजे; आणि करंट बंद ठेवल्याने रोह्यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. यातले पहिले काम आता काही हजारांत होते. उरलेल्या दोन कामांना डोंगल नाही.

दीडशे वर्षांपूर्वी लोहमार्गाने चांदूरला दूरच्या बातम्या आणून दिल्या. आता शेजारच्या टेकडीवरची बातमी वावरापर्यंत वेळेत आणायची आहे.