छोट्या मोटारींची सुरक्षितता : 'नॅनो'चा धडा

दुचाकीवरून भर पावसात जाणाऱ्या कुटुंबाला परवडणारे व अधिक सुरक्षित वाहन मिळावे, या रतन टाटा यांच्या कल्पनेतून 'नॅनो' साकारली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीतील वाहन प्रदर्शनात तिचे अनावरण झाले. सुमारे एक लाख रुपये मूळ किमतीची, ६२४ सीसी इंजिनाची ही मोटार २००९ मध्ये बाजारात आली.

जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' संस्थेने नॅनोसह पाच भारतीय मोटारींच्या धडक चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. या चाचणीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने मोटारीच्या दर्शनी भागाचा ४० टक्के हिस्सा अडथळ्यावर आदळवला जातो. पैठणसारख्या तालुक्यांतील दुपदरी रस्त्यांवर ओव्हरटेक करताना होणारी समोरासमोरची धडक साधारण अशीच असते. एअरबॅग नसलेल्या या पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग बसविलेल्या 'पोलो'ने मात्र चार तारे मिळविले. नॅनोचा सांगाडाच कमकुवत असल्याने तिला केवळ एअरबॅग पुरेशी ठरली नसती, असा निष्कर्ष निघाला.

पुढे नियम कडक झाले. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही ऐच्छिक मानांकन पद्धत सुरू झाली. मोटार घेताना एअरबॅगच्या संख्येबरोबरच सांगाडा स्थिर आहे की नाही, हेही चाचणी अहवालात पाहणे अगत्याचे आहे.