वेगळ्या शाळेपासून शेजारच्या शाळेपर्यंत

महाराष्ट्रात दिव्यांग मुलांच्या औपचारिक शिक्षणाचा इतिहास सुमारे एकशेचाळीस वर्षांचा आहे. त्यातला मोठा काळ वेगळ्या शाळांचा. ज्या मुलाला ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी गावच्या शाळेत जागाच नव्हती. म्हणून मिशनरी, दानशूर मंडळी आणि पुढे पालक यांनी त्याच्यासाठी निराळी शाळा काढली. या मुलांनी सर्वांबरोबर एकाच वर्गात शिकावे हा विचार सरकारी अहवालात 1944 साली आला, योजनेत 1974 साली आणि कायद्यात 1995 साली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मूल शिकू शकते की नाही हा प्रश्न बहुतेक वेळा शाळेने त्याच्यासाठी कोणती सोय केली, यावरच सुटला.

सुरुवात कर्णबधिर मुलांपासून झाली. 1880च्या दशकाच्या मध्यात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा निघाली. भारतातील या प्रकारची ही पहिली औपचारिक शाळा मानली जाते. त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी, 1880 साली, इटलीतील मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हातांच्या खुणांऐवजी बोलण्यावर भर द्यावा असा ठराव केला होता. त्याचा प्रभाव भारतातील शाळांवर पुढची शंभर वर्षे राहिला. मुलाला ओठांच्या हालचाली वाचायला आणि आवाज काढायला शिकवणे हेच शिक्षणाचे मुख्य काम ठरले. काही मुले त्यातून बोलू लागली. पण अनेकांची शाळेची वर्षे उच्चार घोटवण्यातच गेली आणि विषयांचे ज्ञान मागे पडले. सांकेतिक भाषेला वर्गात स्थान नसले, तरी मुलांच्या आपसांतल्या व्यवहारात ती टिकून राहिली. 1983 साली मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि श्रवणतपासणी, श्रवणयंत्रे व शिक्षक-प्रशिक्षण यांना एक केंद्र मिळाले. सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था दिल्लीत निघायला मात्र 2015 साल उजाडले.

अंध मुलांसाठी भारतातील पहिली शाळा 1887 साली अमृतसरमध्ये ॲनी शार्प यांनी काढली. मुंबईत ही सुरुवात 1900 साली झाली. 1899–1900च्या भीषण दुष्काळात निराधार झालेल्या मुलांमध्ये अंध मुलेही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी त्यांच्यासाठी शाळा काढली. पुढे ती दादरची अंध शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. आज तिचे नाव कमला मेहता दादर अंध शाळा असे असून तिथे मुली शिकतात. 1902 साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा सुरू झाली, तर 1934 साली पुण्यात अंधांसाठी शाळा व वसतिगृह उभे राहिले. वाचन-लेखनाबरोबर संगीत, वेतकाम, विणकाम यांवर या शाळांचा भर असे. शिक्षण संपल्यावर मुलाला पोट भरता यावे, ही त्यामागची चिंता होती. मात्र याच कारणाने अंध मुलासाठी ठरावीक चार-दोन व्यवसायच योग्य आहेत, अशी समजूतही पक्की झाली.

अंधांच्या शिक्षणातला खरा अडसर लिपीचा होता. लुई ब्रेल यांची सहा ठिपक्यांची पद्धत 1829 साली प्रसिद्ध झाली होती. भारतात ती आली तेव्हा जवळपास प्रत्येक मोठ्या शाळेने आपल्या भाषेसाठी आपापली मांडणी केली. कलकत्त्यात लालबिहारी शाह यांची एक, तर मुंबईकडे नीलकंठराय यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी. परिणामी एका शाळेतले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येत नसे आणि छापखाना काढणे परवडत नसे. युनेस्कोच्या सहकार्याने झालेल्या विचारविनिमयातून 1951 साली भारती ब्रेल ही समान पद्धत स्वीकारली गेली. तिचे तत्त्व सोपे आहे: भारतीय भाषांमधील सारख्या ध्वनीला सारखेच ठिपके. ‘क’ मराठीतला असो, गुजरातीतला असो की तमिळमधला, बोटांखाली तो एकच लागतो. मात्रांसाठी वेगळी चिन्हे नाहीत. व्यंजनानंतर स्वराचे चिन्ह लिहिले की काम भागते. छापील देवनागरीत अक्षराच्या आधी येणारी ऱ्हस्व वेलांटीही ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतरच येते. त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला आणि 1952 साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाला. समान लिपी, छापील पाठ्यपुस्तके, ब्रेल पाटी आणि स्टायलस एवढे हाती आल्यावर अंध मूल आपल्या गावच्या शाळेतही शिकू शकेल, ही शक्यता प्रथमच व्यवहारात उतरण्याजोगी झाली.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांकडे समाजाचे लक्ष याहून उशिरा गेले. 1941 साली चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला अशा मुलांसाठी गृह सुरू केले. त्याचा हेतू प्रामुख्याने निराधार मुलांच्या सांभाळाचा होता. 1944 साली जय वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी मुंबईत घरातच वर्ग सुरू केला. त्यातून वाढलेली शाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात 1964 साली कामायनी संस्था निघाली. पोलिओ झालेल्या मुलांसाठी फातिमा इस्माइल यांनी 1947 साली मुंबईत पुनर्वसनाची संस्था उभारली, आणि त्यामागेही स्वतःच्या मुलीच्या आजाराचा अनुभव होता. महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात पालकांचा, विशेषतः आयांचा, वाटा असा पायाभूत आहे. जिथे कोणतीही संस्था मुलाला घेत नव्हती, तिथे घरातल्या माणसांनीच संस्था निर्माण केली.

वेगळी शाळा हाच एकमेव मार्ग नव्हे, हे सरकारी पातळीवर 1944 सालच्या सार्जंट अहवालाने स्पष्टपणे मांडले. अपंगत्वाचे स्वरूप आणि प्रमाण यांमुळे अपरिहार्य असेल तेवढ्याच मुलांना वेगळे ठेवावे, एरवी नाही, अशी त्याची भूमिका होती. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही विशेष शाळा आणि सर्वसाधारण शाळा या दोन्ही मार्गांचा पुरस्कार करताना शक्य तितकी मुले सर्वसाधारण शाळेत यावीत असे म्हटले. प्रत्यक्षात मात्र कारभाराची घडी वेगळी बसली होती. सर्वसाधारण शाळा शिक्षण खात्याकडे, तर अपंगांच्या शाळा समाजकल्याण खात्याकडे. एका खात्याच्या दृष्टीने हे मूल विद्यार्थी नव्हते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने ते कल्याण योजनेचे लाभार्थी होते. या विभागणीमुळे दोन प्रकारचे शिक्षक, दोन प्रकारची अनुदाने आणि दोन प्रकारच्या तपासण्या तयार झाल्या. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला, तरी शाळांच्या कारभारातील ही दुहेरी चौकट संपलेली नाही.

1974 साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. पुस्तके, गणवेश, प्रवासभत्ता, अंध मुलाला वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीचे मानधन आणि साधने यांसाठी तिच्यातून पैसे मिळत. 1982 साली ही योजना कल्याण खात्याकडून शिक्षण खात्याकडे आली, आणि हा बदल महत्त्वाचा होता. योजनेत विशेष शिक्षकाची कल्पना केंद्रस्थानी होती. तो ब्रेल शिकवणार, वर्गशिक्षकाला सल्ला देणार, परीक्षेची व्यवस्था पाहणार. जिथे मुले विखुरलेली होती तिथे असा शिक्षक शाळाशाळांतून फिरत असे. 1987 साली युनिसेफच्या मदतीने आणखी एक प्रयोग झाला आणि त्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. एखादी शाळा निवडण्याऐवजी संपूर्ण गटातील सर्व शाळा या मुलांना सामावून घेतील, अशी त्याची रचना होती. 1992च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले आणि विशेष शिक्षकांची पात्रता व नोंदणी नियमबद्ध झाली. तरीही एकात्म शिक्षणाच्या या टप्प्यात एक मर्यादा उरली. शाळा जशी आहे तशीच राहणार आणि तिच्याशी जुळवून घेता येईल असे मूलच आत येणार, हे त्यात गृहीत होते.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी झालेल्या कामातून दिसतो. 1972 साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला हा विकार होता. हात, पाय आणि बोलणे यांवर ताबा नसला तरी अशा मुलांची बुद्धी शाबूत असू शकते, हे तेव्हा शाळांना ठाऊक नव्हते. फिजिओथेरपी, वाचाउपचार आणि नेहमीचा अभ्यासक्रम एकाच छपराखाली आणणारी त्यांची शाळा कुलाब्यात सुरू झाली. मालिनी चिब यांनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली आणि आत्मचरित्रही लिहिले. वेगळी शाळा कितीही चांगली असली तरी ती शहरातील मोजक्या मुलांपर्यंतच पोचते, या जाणिवेतून 1990च्या दशकाच्या अखेरीस ही संस्था समावेशक शिक्षणाकडे वळली आणि वस्त्यांमधील बालवाड्यांतही काम करू लागली.

याच दशकात महाराष्ट्राने देशाच्या पुढे जाऊन एक निर्णय घेतला. अध्ययन अक्षमता असलेली मुले दिसतात इतरांसारखी आणि बुद्धीनेही कमी नसतात, पण वाचताना, लिहिताना किंवा आकडेमोड करताना अडखळतात. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत, वेलांट्या-मात्रा गळणे आणि जोडाक्षरे न उलगडणे अशा रूपांत ही अडचण दिसते. पिढ्यान्‌पिढ्या अशा मुलांना आळशी किंवा मठ्ठ ठरवून मार बसत आला. 1996 साली राज्य सरकारने त्यांना शालान्त परीक्षेत सवलती मान्य केल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. निदानासाठी शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेचे विभाग चालू लागले. निदानाच्या चाचण्या बराच काळ मुख्यतः इंग्रजी माध्यमातल्या मुलांना सोयीच्या होत्या. त्यामुळे मराठी शाळेतले मूल या सवलतींपासून दूर राहत असे. 2015 साली मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांमध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच उपलब्ध झाल्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली.

कायद्याची चौकट याच सुमारास आकाराला आली. जून 1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे 92 देशांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे या तत्त्वाला मान्यता दिली. भारतात 1995च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. मात्र त्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. सर्व शिक्षा अभियानाने एकाही मुलाला नाकारायचे नाही, असे धोरण जाहीर केले. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, 2012च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग मुलांचा स्पष्ट समावेश झाला आणि तीव्र अक्षमता असलेल्या मुलांसाठी घरी शिक्षणाचा पर्यायही आला. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या 21 केली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे प्रकार त्यात आहेत. ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला. प्रवेश नाकारणे हा आता शाळेच्या मर्जीचा विषय राहिला नाही.

हक्क आणि वर्गातील वास्तव यांमधले अंतर मुख्यतः शिक्षकाच्या नेमणुकीत आहे. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो. वर्षानुवर्षे हे शिक्षक कंत्राटी पद्धतीने काम करत आले. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात कायम पदे निर्माण करण्यास आणि प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरण्यास सांगितले. उतरता मार्ग, वापरता येईल असे स्वच्छतागृह, वेळेवर मिळणारे ब्रेल पुस्तक आणि सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती या गोष्टीही तितक्याच मोलाच्या आहेत. सांकेतिक भाषेत वाढणाऱ्या कर्णबधिर मुलाला तर केवळ ऐकणाऱ्यांच्या वर्गात नेऊन बसवणे पुरेसे नाही. त्याची भाषा बोलणारे सोबती आणि शिक्षक त्याला लागतात. म्हणूनच जुन्या विशेष शाळांचे महत्त्व संपलेले नाही. शंभर वर्षांत त्यांनी साठवलेले कौशल्य शेजारच्या शाळांना प्रशिक्षण, साहित्य आणि सल्ल्याच्या रूपाने मिळाले, तर दोन्ही परंपरा एकमेकींना पूरक ठरतात. समान लिपीने अंध मुलासाठी पुस्तक उघडले आणि परीक्षेच्या बदललेल्या नियमांनी अध्ययन अक्षमतेच्या मुलाला दहावीच्या पुढे नेले. प्रशिक्षित शिक्षक प्रत्येक शाळेपर्यंत पोचवणे हे त्याच मालिकेतले पुढचे आणि सर्वांत मोठे काम आहे.