कॉर्बेटच्या रायफलवरचा टॉर्च

मंडळी, सध्या आपल्या जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, पथकाला चांगल्या बंदुका द्या. बंदुकीवरच्या दिव्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून शंभरेक वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो.

२ मे १९२६, गढवालातलं रुद्रप्रयाग. १९१८ पासून एकाच बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारलेली. यात्रेच्या वाटेवर, गोलाबराईला, जिम कॉर्बेट आंब्याच्या झाडावर बसला होता. ही अकरावी रात्र. खाली रस्त्यावर गळ्यात घंटी बांधलेली बकरी. दहाच्या सुमारास घंटी जोरात वाजली. कॉर्बेटने रायफलला बांधलेल्या टॉर्चचं बटण दाबलं, माशी नेमकी बिबट्याच्या खांद्यावर दिसली, चाप ओढला. आणि टॉर्च गेला!

गढवालात तेव्हा टॉर्च म्हणजे नवलाईची वस्तू. कित्येक महिने तो जवळ बाळगला, पण बॅटरी तपासायची राहून गेली. कॉर्बेटसारख्या माणसाकडून, बरं का. आता गोळी लागली की नाही, कळायला मार्गच नाही. जवळच्या पंडिताने दार उघडून मदत हवी का विचारलं. हा कानोसा घेत गप्प, तर त्याने घाईघाईने दार लावून घेतलं. (त्या दाराची भीती आपल्याकडच्या वस्तीवरच्या लोकांना सांगायला नको.) उजाडल्यावर रक्ताच्या मागावर थोडं खाली बिबट्या मेलेला सापडला. नशीब! जखमी होऊन निसटला असता तर?

जुन्या टॉर्चच्या बल्बमधली तार गोळीच्या दणक्याने तुटायची. एलईडीत तारच नाही. पण दणका आहेच. क्लॅम्प सैल असला की सरकतो, सेलची स्प्रिंग क्षणभर सुटली की दिवा मिचमिचतो. म्हणून लुमेनचा आकडा मी शेवटी बघेन. तसाही उसात फार प्रखर झोत जवळच्या पाल्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. आधी दिवा त्याच रायफलवर चढवून दहा-वीस गोळ्या झाडून बघा. बटण पकड न सोडता अंगठ्याखाली यायला हवं. पावसात पाणी शिरता कामा नये. आणि सेल लिथियमचे, कारण ते पडून राहिले तरी वर्षानुवर्षं टिकतात. तरी बदलावे लागतातच, आणि ते कुणीतरी बदलायला हवेत.

सोमवारी वनकार्यालयात अर्ज देतोय. प्रश्न दोनच. रात्रीच्या पथकाच्या दिव्यांचे सेल शेवटचे कधी बदलले? आणि त्याची नोंद कुणाच्या सहीने होते? उत्तर आलं की इथेच टाकतो.