गोठ्यातली जीप कोणत्या घरची?

‘जीप’ हा परदेशी शब्द आहे, हे आपल्या नगर जिल्ह्यात कुणाला सांगूनही पटायचं नाही. कारखान्याच्या चेअरमनची जीप, निवडणुकीत भोंगा बांधलेली जीप, आठवडे बाजाराला माणसं कोंबून नेणारी जीप. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची धुराडी पेटली, पुढे तालुक्या-तालुक्यात कारखाने उभे राहिले, आणि गावोगावच्या कारभाराला ही गाडी चिकटली ती कायमचीच. त्यातल्या कितीतरी आज गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड उभ्या आहेत. घरात वाटण्या निघाल्या की त्यांची आठवण होते. मग भंगारवाला येतो आणि वजनावर भाव करतो.

गाडी विकायला हरकत नाही. पण विकण्याआधी ती कोणत्या घरची, कोणत्या सालची, हे ओळखून घ्यावं. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

1940 साली अमेरिकी सैन्याला चारही चाकांना जोर देणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना दिला, पण मोठी मागणी मिळाली विलीज कंपनीला. तिला एकटीला ती झेपेना, म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्यावर काम दिलं. 1945 पर्यंत विलीजच्या साधारण 3 लाख 60 हजार आणि फोर्डच्या साधारण 2 लाख 80 हजार जीप तयार झाल्या. विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी त्यातल्या पुष्कळ हिंदुस्थानात आल्या. लढाई संपल्यावर उरलेला माल लिलावात निघाला. आपल्याकडचे म्हातारे त्यालाच ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. दरम्यान 1945 साली महिंद्र कंपनीची स्थापना झाली. त्या दशकाच्या अखेरीस तिनं विलीजच्या जीप इथं जोडायला सुरुवात केली आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. म्हणजे गोठ्यातली जीप या तिन्हींपैकी कुठल्याही घरची असू शकते.

मी शाळेत इतिहास शिकवत होतो. राहुरी तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी आला. म्हणाला, ‘‘सर, आजोबा म्हणायचे ही जीप मिलिटरीच्या लिलावातली. चुलते म्हणतात, कसली मिलिटरी, महिंद्रचीच आहे. भंगारवाला उद्या न्यायला येतोय.’’ मी म्हटलं, ‘‘त्याला आठ दिवस थांबव.’’

आधी आम्ही आर. सी. बुक पाहिलं. त्यात नुसतं ‘विलीज जीप, पेट्रोल’. तेवढ्यावर काही ठरेना. मग गाडीसमोर उभे राहिलो. लढाईच्या काळातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. या गाडीला सात होत्या. चुलत्यांचा चेहरा खुलला. पण जाळी, बॉनेट, मडगार्ड हे बदलता येणारे भाग. साठ-सत्तर वर्षांत ते किती वेळा बदलले असतील, कोण सांगणार? गाडीची ओळख चासीत असते.

ही गोष्ट पटवून घ्यायची तर आपल्याच नगरमधल्या रणगाडा संग्रहालयात जावं. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं ते उभारलं आणि फेब्रुवारी 1994 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचं उद्घाटन केलं. पॅटन, सेंच्युरियन यांच्या गर्दीत तिथं एक रोल्स-रॉईस चिलखती गाडी आहे. त्या काळी रोल्स-रॉईस फक्त चासी आणि इंजिन करून देई, वरचा सांगाडा दुसरे कारागीर चढवत. एकाच जातीच्या चासीवर कुठं राजेसाहेबांची मोटार बसे, तर कुठं मशिनगनचा बुरूज. वरचा पोशाख पाहून गाडी ओळखू नये, हे तिथं डोळ्यांना दिसतं.

आम्ही जीपखाली शिरलो. रेडिएटरच्या खाली-पुढं चासीच्या दोन बाजू जोडणारी आडवी पट्टी असते. विलीजच्या गाडीत तो गोल नळ असतो, फोर्डच्या गाडीत चौकोनी पन्हळीसारखा पत्रा. इथं पन्हळ होती. मग बोल्ट पुसले. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. रॉकेलच्या बोळ्यानं वंगण निघालं तसे दोन-तीन बोल्टवर ते अक्षर दिसलं. शेवटी डाव्या चासीवर, इंजिनाच्या पायाजवळ, नंबर शोधला. इथं ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. घासलेला नंबर संशयास्पद ठरतो, आणि नंबरात फेरफार करणं गुन्हा आहे. मऊ ब्रशनं साफ करून वर पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल घासली. आधी ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरं उमटली, मागून आकडे.

आजोबा खरं बोलत होते. चासी फोर्डची, लढाईतली. चुलतेही अगदीच चुकले नव्हते, कारण पुढची जाळी नंतरच्या जीपची होती. इंजिन मात्र दोघांच्याही गोष्टीत नव्हतं. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं. असं त्या काळी गावोगाव झालं.

आता किमतीचा प्रश्न आला. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेलं, बिगर-व्यापारी आणि मूळ स्वरूपात असलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क, मुदत 10 वर्षं. अशी गाडी विकली तर दोन्ही बाजूंनी 90 दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं. यातले ‘मूळ स्वरूपात’ हे दोन शब्द आमच्या जीपला अडत होते.

विद्यार्थी हळूच म्हणाला, ‘‘सर, इंजिनाचं नाही सांगितलं तर?’’

मी म्हटलं, ‘‘बॉनेट उघडल्यावर घेणाऱ्याला दिसेलच. आणि मग चासीचं खरं असलेलंही तो खोटं मानेल.’’

त्यानं एका कागदावर सगळं लिहून काढलं. काय मूळचं, काय बदललेलं, काय ठाऊक नाही. सोबत नंबरचा ठसा आणि फोटो. आर. सी. बुक अजून आजोबांच्याच नावावर होतं, म्हणून आधी फॉर्म 31 भरून ते वारसाच्या नावावर केलं, मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. गाडी भंगाराच्या कितीतरी पट किमतीला गेली. अस्सल मूळ गाडीची किंमत आली नाही, आणि तशी अपेक्षाही उरली नव्हती. घेणाऱ्यानं तो कागद मात्र आवर्जून मागून घेतला.

आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचा इतिहास कुठल्या दप्तरात फारसा सापडणार नाही. तो चासीवरच्या आकड्यांत आहे आणि ती गाडी चालवलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या तोंडी आहे. लोखंड अजून पाच-दहा वर्षं गंजत पडेल, ड्रायव्हर तेवढा थांबेलच असं नाही. तेव्हा आधी त्याच्याकडे जा, आणि भंगारवाल्याला मग बोलवा.