यंत्राचे ज्ञान आणि आप्तवाक्य

घाटंजी हा यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा तालुका. कपाशीवर फवारणी करावी की थांबावे, हा येथील शेतकऱ्याचा प्रश्न वरकरणी शेतीचा. पण त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट ‘कळली’ असे केव्हा म्हणावे? २०१७ च्या हंगामात फवारणीतून झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

गुलाबी बोंडअळीचा अंदाज घेण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडले, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. २०१८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वाधवानी एआय या संस्थेने यासाठी एक प्रणाली विकसित केली. सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र मोबाइलवर काढले, की यंत्र ते मोजते आणि सल्ला देते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरणही मंजूर केले.

पण पतंग मोजणाऱ्या यंत्राला पतंग म्हणजे काय, हे ठाऊक असते का? यंत्राची उत्तरे माणसाच्या उत्तरांहून वेगळी ओळखता येत नसतील, तर त्याला विचारशील म्हणण्यास हरकत नसावी, असा विचार अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडला. त्यावर जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला. चिनी न जाणणारा माणूसही नियमांचे पुस्तक पाहून चिनी चिन्हांना अचूक चिन्हांनी उत्तर देऊ शकेल. म्हणून त्याला चिनी समजते असे होत नाही.

आपल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. ‘शब्द’ प्रमाण ठरतो तो आप्ताचा. म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचा. ही व्यक्ती ऋषीच असावी अशी अट नाही. शेजारचा अनुभवी शेतकरीही आप्त ठरू शकतो. यंत्राला मात्र अनुभव नाही, इच्छाही नाही. या कसोटीवर त्याचा सल्ला आप्तवाक्य ठरत नाही.

मग तो निरुपयोगी ठरतो का? नाही. धुरावरून अग्नी ओळखावा, तसा यंत्राच्या आकड्यावरून किडीचा प्रादुर्भाव ओळखता येतो. हे अनुमान झाले, आणि अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अव्यभिचारी साहचर्यावर उभे असते. धुके धूर समजले, तर अनुमान फसते. छायाचित्र अस्पष्ट असेल किंवा सापळ्यातील गंधगोळी जुनी झाली असेल, तर आकडाही फसवू शकतो.

नैयायिकांच्या मते ज्ञानाची सत्यता सफल कृतीतून पटते. पाणी समजून जवळ गेलेल्याची तहान भागली, की ते ज्ञान खरे. परंतु विषारी औषधाच्या बाबतीत ही परीक्षा महाग पडते. म्हणून फवारणीपूर्वीच काही हिरवी बोंडे फोडून पाहणे शहाणपणाचे. यंत्र मोजणी करून देईल. त्या मोजणीवर किती विसंबावे, हा निर्णय आणि त्याची जबाबदारी मात्र जाणणाऱ्या माणसाकडेच राहते.