पदवीनंतरचं एक वर्ष : वऱ्हाडातला एक जुना प्रश्न

दीक्षान्त समारंभाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. बऱ्याच घरांत ते भिंतीवर लागलेले असतात, बाजूला आजोबांचा हार घातलेला फोटो. त्या दिवसानंतर बरोबर एक वर्षाने त्याच मुलाचा फोटो काढायला कुणी येत नाही. त्या वेळी त्याला गल्लीतून जाताना एकच प्रश्न ऐकावा लागतो, आणि आपल्याकडे तो फार थोडक्यात विचारतात. ''लागला का कुठी?'' बस, एवढंच. नोकरी हा शब्दसुद्धा त्यात नाही, कारण लागणं म्हणजे नोकरीलाच लागणं, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं.

आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं, इतिहासाचं नव्हे. तेव्हा इतिहासाच्या मंडळींनी थोडं सांभाळून घ्यावं. पण अमरावती आणि अकोला या दोन गावांत आम्ही चाळीसेक वर्षं शिकवलं, आणि हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांना विचारला जाताना इतक्या वेळा ऐकला, की तो आला कुठून याचा शोध घ्यावासा वाटला.

सुरुवात कापसापासून करू. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. म्हणजे गाडी आली, पैसा आला, कचेऱ्या आल्या, कोर्टं आली, हायस्कुलं आली. यायचे राहिले ते फक्त पदवीधर. ते इथे तयारच होत नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर वगैरे पहिले चार बी. ए. बाहेर पडले ते १८६२ मध्ये. वऱ्हाडात मात्र पदवीचं कॉलेज निघायला १९२३ साल उजाडलं. मधली साठ वर्षं हा मुलूख कापूस बाहेर पाठवत होता आणि पदवीधर बाहेरून आणत होता. हेडमास्तर पुण्याकडचे, वकील खानदेशाकडचे. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, जे पुढे १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते धुळ्याचे. वकिली त्यांनी अमरावतीत केली.

इथली मुलं शिकायला बाहेर जात आणि परत येत, तीही होतीच. दादासाहेब खापर्डे हे इथलेच, जन्म १८५४, वऱ्हाडातल्या इंगरोळीचा. १८७७ ला बी. ए., १८८४ ला एल्‌एल. बी. आता आपला प्रश्न त्यांना विचारू या. एक वर्षानंतर काय करत होते? १८८५ मध्ये ते सरकारी नोकरीत, मुन्सफ. म्हणजे लागले! गल्लीचं समाधान झालं असेल. पण १८९० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अमरावतीत वकिली सुरू केली. १८९७ ला अमरावतीत काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. टिळकांचे उजवे हात म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते खापर्डे नोकरी सोडल्यानंतरचे आहेत. १८८५ च्या नोंदीत ते सापडणार नाहीत. तिथे फक्त एक समाधानी मुन्सफ सापडेल.

दुसरं उदाहरण अकोल्याचं, आणि त्यावर थोडं थांबावं लागेल. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. पण मॅट्रिक झाले ते अकोल्यातून, १८७५ मध्ये. गरिबी इतकी, की कऱ्हाड, रत्नागिरी असं शिक्षणासाठी भटकत भटकत ते नात्यातल्या माणसांच्या आधाराने अकोल्याला आले. इथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी शिकवायला होते. स्वतः एम. ए., कवी, आणि पुढे १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पदवी घेऊन माणूस काय होऊ शकतो याचा नमुना त्या मुलापुढे वर्गात रोज उभा होता. पुढे डेक्कन कॉलेजात खर्चाला कमी पडे तेव्हा अकोल्याच्याच 'वऱ्हाड समाचार'साठी लिहून आगरकरांनी थोडी सोय केली. तेव्हा अकोल्याच्या लोकांनी आगरकरांवर थोडासा हक्क सांगायला हरकत नाही, पुणेकर काय म्हणायचं ते म्हणोत.

आगरकर १८७८ ला बी. ए. झाले. वर्षाने काय करत होते? एम. ए.चा अभ्यास, आणि डेक्कन कॉलेजच्या आवारात टिळकांबरोबर शाळा काढण्याच्या गप्पा. आजच्या भाषेत उच्च शिक्षण, ठीक. मग एम. ए. झाले आणि खरी परीक्षा आली. त्या काळी एम. ए. म्हणजे सरकारदरबारी सरळ रस्ता. घरी आईला वाटणारच, की आता आपले दिवस पालटले. त्या आईला त्यांनी पत्र लिहिलं ते प्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराची आशा करू नकोस, पोटापुरत्यावर भागवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे, असा त्याचा आशय. आणि ते गेले कुठे? न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. ती शाळा १८८० च्या जानेवारीत निघालेली, म्हणजे जेमतेम वर्षाची. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये त्या लिखाणापायी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. आमच्या वर्गात आम्ही हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा हमखास म्हणायचा, ''सर, मंग त्याच्या घरच्यायनं काय केलं?'' आम्हाला हा प्रश्न उद्धट कधीच वाटला नाही. पत्र लिहिणाऱ्याचं नाव इतिहासात गेलं. पत्र वाचून घेणाऱ्या आईचं काय झालं हे विचारणारा पोरगा स्वतःच्या आईचा विचार करत होता.

१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. तेच पुढचं आपलं विदर्भ महाविद्यालय. पदवी आता वऱ्हाडात मिळू लागली. पण कोणाला? गावात राहायला जागा नसेल तर खेड्यातला मुलगा कॉलेजात येतो कसा?

हा प्रश्न ज्याने धरला तो माणूस त्याच सुमारास परदेशातून परतला. पंजाबराव देशमुख. जन्म १८९८, पापळ, अमरावती जिल्हा. फर्ग्युसन, मग एडिंबरा, मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे सांगताना जरा बरं वाटतं. वर बॅरिस्टर. १९२६ मध्ये परत आले. लंडनहून आलेला बॅरिस्टर वर्षभरात काय करतो? पक्षकार मिळवतो, बंगला बांधतो. यांनी वकिली सुरू केली खरी, पण जोडीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, त्यातही ते पुढे. त्या नोव्हेंबरात अमरावतीला परिषद झाली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोघेही परदेशातून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी करून आलेले. हे पंजाबरावांचं पदवीनंतरचं पहिलं वर्ष.

मग १९३० च्या दशकात शिवाजी शिक्षण संस्था. तिचं महत्त्व आपण नेहमी असं सांगतो, की शेतकऱ्याचं पोर शिकलं. ते खरंच आहे. पण त्यातला एक भाग आपण सांगत नाही. शिकलेलं पोर पुन्हा त्याच संस्थेत, किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या संस्थेत, मास्तर म्हणून लागलं. एक शाळा दहा पदवीधर तयार करी, आणि नव्या निघालेल्या शाळा त्यातल्या चौघांना पोटात घेत. तालुक्याला कॉलेज आलं, १९६९ ला अकोल्याला कृषी विद्यापीठ आलं, १९८३ ला अमरावतीला विद्यापीठ आलं. प्रत्येक वेळी दार उघडलं. आम्ही स्वतः त्याच दाराने आत आलो. आमच्या पिढीला 'लागला का' या प्रश्नाची भीती वाटली नाही, आणि त्याचं श्रेय आम्ही आमच्या हुशारीला दिलं. ती हुशारी नव्हती हो. शाळा वाढत होत्या, म्हणून आम्ही लागलो.

शाळा वाढायच्या थांबल्या तेव्हा हे उघडं पडलं. विनाअनुदानित आलं, मग कायम विनाअनुदानित. २०१२ पासून शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टल आलं, आणि भरती पुन्हा हळूहळू सुरू झाली. पण तोवर डी. एड., बी. एड. केलेल्यांची वयं उलटून गेली होती. कॉलेजात तासिका तत्त्व. नेट-सेट झालेला, पीएच. डी. झालेला माणूस तासाप्रमाणे पैसे घेतो आणि उन्हाळ्यात शून्य. आमच्या हाताखाली शिकलेले असे कितीतरी.

आणि गाडीची दिशा उलटली. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याकडचा पदवीधर अकोल्याला उतरत होता. आज संध्याकाळी अमरावतीत, अकोल्यात ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभं राहून पहा. रात्रभर प्रवास करून सकाळी पुणे. कोणी चाकणला कंपनीत, कोणी हिंजवडीला, आणि बरेच सदाशिव पेठेत अभ्यासिकेतल्या एका खुर्चीच्या भाड्यावर. २०२४ च्या ऑगस्टात पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं रस्त्यावर बसली होती ते आठवतं? एकाच दिवशी बँकेची आणि आयोगाची परीक्षा आली होती, आणि कृषी सेवेची २५८ पदं त्या परीक्षेत घ्यावीत अशी मागणी होती. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. म्हणजे शेतीची पदवी घेऊन मुलगा शेतीपासून लांब एका खोलीत बसून शेतीखात्यातल्या जागेची वाट पाहतो. त्याला नावं ठेवू नका. घरी चार एकर असेल, दोन भाऊ असतील, तर हिशेब त्यालाही येतो.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. नॅकचं मूल्यांकन आलं, की महाविद्यालयाला सांगावं लागतं, बाहेर पडलेल्यांपैकी किती जण नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले. आम्ही जिथे होतो तिथे यासाठी एक तक्ता केला होता, आणि निवृत्तीच्या आधीची दोन-तीन वर्षं तो भरायचं काम आमच्याकडे होतं. फोन लावायचा. मुलींचा नंबर बहुतेक वडिलांचा असे. ''तिचं लग्न झालं, परतवाड्याला दिली.'' पुढे काय विचारणार? आडनाव बदललं, गाव बदललं, तक्त्यातून ती गेली. मुलांचं वेगळं. ''पहाटे ग्राउंडवर असतो, पोलीस भरतीची तयारी.'' सोळाशे मीटरची वेळ किती सेकंदांनी कमी झाली ते तो आनंदाने सांगे. आमच्याकडे ते लिहायला जागा नव्हती. नोकरी, उच्च शिक्षण, आणि तिसरा रकाना 'माहिती उपलब्ध नाही'.

माहिती तर होती! आम्हीच फोनवर ऐकली होती.

सोलोनने क्रोएसस राजाला सांगितलं म्हणतात, की शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये. हिरोडोटसने ती कथा लिहून ठेवली, आणि अ‍ॅरिस्टॉटलने तीवर बराच काथ्याकूट केला. शेवटापर्यंत थांबा असं आम्ही म्हणत नाही, तेवढा वेळ कोणत्याही समितीला नसतो. पण बारा महिन्यांत मोजायचं तर खापर्डे यशस्वी, आगरकर अडचणीचे, आणि छात्रालयात रमलेले पंजाबराव कोणत्या रकान्यात घालायचे हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

दर्यापूरकडचा एक विद्यार्थी होता. बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला, दर वर्षी असे पाच-सहाच असत. खारपाणपट्ट्यातलं वावर, विहिरीचं पाणी खारट, जमिनीतल्या ओलीवर हरभरा घेतात तसलं. पदवीनंतर वर्षाने आम्ही फोन केला तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता, आवाज नीट येईना. स्वतःचं वावर करून दुसऱ्यांचंही भाड्याने नांगरून देत होता. आम्ही शेती असं लिहिलं. वरून सांगण्यात आलं, की शेती हा काही निकाल होत नाही, तिसऱ्या रकान्यात टाका. आम्ही टाकलं. ज्या भागात शेतकऱ्याच्या पोराने शिकावं म्हणून एका माणसाने जन्म घालवला, तिथे शिकून शेती करणाऱ्याला आमच्याच हाताने 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं गेलं. सही आमची आहे.

मागच्या दिवाळीत तो भेटायला आला. हरभऱ्याचं पोतं घेऊन, ते नको म्हटलं तरी ठेवून गेला. बोलता बोलता म्हणाला, ''सर, तुम्ही तेव्हा फोन केला होता, ते कशासाठी होतं?'' आम्ही खरं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''मंग आता बदलता नाही येत का ते?''