पाणबुड्याविना विहीर

"समुद्राच्या तळाशी विहीर, आणि तिचा नळ गळायला लागला तर प्लंबर कोण जातो रे?" असं आत्यानं मागे फोनवर विचारलं होतं. प्रश्न साधा, पण उत्तर चाळीस वर्षांचं आहे. आज सगळ्यांसाठीच सांगतो.

आधी प्लंबर म्हणजे माणूसच. पाणबुड्या. विहिरीच्या तोंडावर व्हॉल्व्हांचा एक मनोरा बसवतात, तेलवाले त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. युरोपातल्या उत्तर समुद्रात हे झाड कित्येकदा शंभर-दीडशे मीटर खोल. तिथं काम करणारा पाणबुड्या आठवडेच्या आठवडे जहाजावरच्या लोखंडी टाकीत, समुद्रतळाइतक्याच दाबाखाली राहतो. श्वासात हेलियम, त्यामुळे बोलणं बदकासारखं! काम संपलं की दाब हळूहळू उतरवायचा. ढोबळमानानं दर ३० मीटरना एक दिवस, म्हणजे १५० मीटरसाठी पाच-सहा दिवस. घाई केली तर अंगात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा.

आणि हे पाच-सहा दिवस म्हणजे पैसा. म्हणून विचार सुरू झाला, की माणसाला खाली पाठवूच नये.

१९७४ साली आपल्याकडे ‘सागर सम्राट’ला मुंबई हायमध्ये तेल लागलं. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात एक्सॉननं एक प्रयोग मांडला. पाणी जेमतेम ५० मीटर. पाणबुड्या सहज पोचेल अशी जागा, पण पाहायचं होतं ते त्याच्याविना भागतं का! तळाशी एक सांगाडा, त्यात तीन विहिरी आणि भोवती रूळ. वरून एक यंत्र सोडायचं, ते रुळांवरून फिरणार आणि बिघडलेला भाग काढून नवा बसवणार.

प्रयोग जमला. मग शेल आणि एसोनं तीच कल्पना उत्तर समुद्रात कॉर्मोरंट क्षेत्रात नेली. १९८२ मध्ये १५० मीटर खोल पाण्यात सुमारे २,२०० टनांचं धूड तळाशी बसवलं आणि १९८३ मध्ये त्यातून तेल येऊ लागलं. देखभाल रुळांवरच्या यंत्राकडे. काम झकास, पण किंमत अशी की दुसरं कुणी सहज उचलावं असं ते नव्हतं.

त्याच १९८३ च्या ५ नोव्हेंबरला, त्याच समुद्रात फ्रिग क्षेत्रात ‘बायफोर्ड डॉल्फिन’ या रिगवर अपघात झाला. पाणबुड्यांची टाकी आणि त्यांना खाली नेणारी घंटा यांना जोडणारा क्लॅम्प वेळेआधी उघडला गेला. नऊ वातावरणांचा दाब क्षणात एकावर आला. चार पाणबुडे आणि बाहेरचा एक मदतनीस जागच्या जागी गेले. आत दाब असताना क्लॅम्प उघडूच नये अशी खिट्टी त्याला नव्हती. एक खिट्टी! मी हे वाचलं तेव्हा २,२०० टनांचं ते धूड डोळ्यांपुढून हलेना.

स्वस्त उत्तर शेवटी ब्राझीलमध्ये सापडलं. तिथं १९८४ मध्ये आल्बाकोरा आणि १९८५ मध्ये मार्लिम ही प्रचंड क्षेत्रं मिळाली, पण बरंचसं तेल अशा खोलीवर की पाणबुड्या जाऊच शकत नाही. रोजच्या कामाला माणसाची हद्द साधारण ३०० मीटर. पेट्रोब्रासनं १९८६ मध्ये खोल पाण्यासाठी खास कार्यक्रम हाती घेतला. रूळ नाहीत, भलामोठा सांगाडा नाही. सुटी झाडं, वरून ओढून काढता येतील असे भाग, यंत्राच्या हाताला धरता येतील अशा मुठी. शिवाय वेगवेगळ्या कारखान्यांच्या झाडांच्या जोडण्या एका मापाच्या. आपल्याकडे बल्ब कुठल्याही कंपनीचा असला तरी होल्डर एकच असतो ना, तसं. १९९७ पर्यंत ते १,७०९ मीटरवर पोचले.

आता मला खटकतं ते. माणूस पाण्याबाहेर आला तो दयेपोटी नाही. खर्च परवडेना आणि पुढे खोली आवाक्याबाहेर गेली, म्हणून. दाब किती वेळात उतरवायचा याचे तक्तेसुद्धा उत्तर समुद्रातल्या डायव्हिंग कंपन्या धंद्याचं गुपित म्हणून जपत. जो लवकर वर आणेल तो स्वस्त! कित्येक पाणबुडे पुढे फुप्फुसं, कान, मेंदूची दुखणी घेऊन जगले. त्यांतल्या काहींनी नॉर्वे सरकारला थेट मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात खेचलं. ५ डिसेंबर २०१३ रोजी निकाल लागला: या तक्त्यांमधला धोका पाणबुड्यांना कळेल अशी व्यवस्था सरकारनं केली नाही, हे चुकलंच. तोवर ते तरुण म्हातारे झाले होते.

आणि आपलं मुंबई हाय? तिथलं पाणी साधारण ७५ मीटर. तिथं माणूस पोचतो, म्हणून अजूनही माणूस जातो. यंत्रांच्या कौतुकात तो टाकीतला माणूस आपल्या हिशेबातून सुटू नये, एवढंच.

असो.